बिस्किटाचा डबा

कुठ्ठाळीच्या कपेलात शिरताना
तिनं एवारिस्तकडे डबा मागितला.
पत्र्याचा, झाकण घट्ट बसेल असा, हातवारे करून.
एवारिस्त मेणबत्त्यांची थोटकं ठेवायचा बिस्किटाच्या डब्यात.
त्यानं थोटकं बाकावर ओतली, डबा दिला.
तिनं आपला फोन आत ठेवला, झाकण दाबलं,
डबा बाहेर नेला, क्रूसाच्या पायरीवर ठेवला
आणि मग येऊन गुडघे टेकले.

मी सोबत होतो तो जहाजांना सामान पुरवणाऱ्या पेढीचा कारकून म्हणून.
तिच्या जहाजाच्या पंपाचे सुटे भाग कस्टममध्ये अडकलेले,
रविवार, आणि तिला समुद्रकिनारा बघायचा नव्हता.
मिनलान तिचं नाव. गाव वेन्झोऊकडचं,
जिथं सदऱ्यांची बटणं होतात, टनांनी.
आमच्यात एकच भाषा होती, फोनमधली.
ती आता डब्यात.
तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.
कपेलात आम्ही तिघंच होतो, तरी नव्हता.

नंतर आंब्याखाली फोन पुन्हा बोलू लागला.
ती काही म्हणाली, तो म्हणाला, 'सभा.'
कसली सभा?
'आमची सभा. बटणांच्या गोदामावर, चौथा मजला.
तीस माणसं. चपला दाराशी सोडत नाही, पिशवीतून आत नेतो.
आधी छप्पर होतं. छपरावर लाल होतं. क्रेन आली.'
लाल काय, ते फोनला म्हणता आलं नाही
की तिनंच म्हटलं नाही,
मला अजून माहीत नाही.

मी चेहरा केला. अशा वेळी करतात तो.
तिनं तो ओळखला असावा, कारण मान हलवली.
'भाऊ नोंदीच्या चर्चमध्ये जातो.
दोनशे माणसं गातात. दारात झेंडा, कॅमेरा,
आणि पाटी: अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही.
भाऊ भित्रा नाही.
तो मोठ्यानं गातो, मी हळू.
गाणं तेच. पानाचा आकडाही तोच.
नववर्षाला आई दोघांना वाढते
आणि म्हणते, जेवताना चर्च नको.'

तेवढ्यात कपेलामागच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातून पोरं सुटली,
एकमेकांना वह्यांनी बडवत,
एक तर पायरीवरून घसरला आणि सायबिणीच्या नावानं रडला.
ती बघत राहिली.
फोनला तिनं काहीच दिलं नाही भाषांतराला.

मी सांगणार होतो तिला.
की या कपेलाखालचे चिरे आमचे, असं घरात बोलतात.
की आमचा देव एका रात्री पाटीत घालून,
वर केळीची पानं रचून, झुआरीपार नेला,
होडीवाल्यानं वल्ह्यांना फडकी गुंडाळली होती.
आणि आम्ही लपलो ते तुझ्या क्रूसापासून.
तुझ्या म्हणजे, तुझ्या नव्हे.
एवारिस्तच्याही नव्हे; त्याचेच पूर्वज कदाचित त्या होडीत चढता चढता राहिले.
हे सगळं त्या यंत्रातून कसं गेलं असतं?
मी एवढंच म्हटलं, 'आमच्याकडेही एक पाटी होती.'
फोननं तिला काय सांगितलं कोण जाणे.
ती म्हणाली, 'हो. दारावर.'

आणि मी दुरुस्त केलं नाही.

घरी पोचलो तर दिवेलागण.
देवापुढं वात लावायच्या आधी
सुलभानं पश्चिमेची खिडकी ओढून घेतली.
नेहमीच घेते. सासूबाई घ्यायच्या म्हणून.
वारा, म्हणते.
त्या बाजूनं या दिवसांत वारा येत नाही.

रात्री जहाजावरून निरोप आला, मराठीत, थोडा वाकडा:
'पंप चालू आहे. डबावाल्या काकांना नमस्कार. जेवलात काय?'
खिडकी अजून बंदच होती.
मी लिहिलं, अजून नाही.